चालायचं आम्ही, प्रश्न ठरवायचे कोणी?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मधुमेहाचं निदान झालं की औषधांच्या चिठ्ठीबरोबर एक वाक्य हमखास मिळतं. ‘रोज चालायला जायचं बरं का!’ डॉक्टर ते मनापासून सांगतात आणि ते खरंही असतं. पण दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत त्या एका वाक्यातून दहा प्रश्न उभे राहतात. किती चालायचं? सकाळी उपाशीपोटी की जेवण झाल्यावर? गोळी घेऊन लगेच निघालं तर वाटेत साखर एकदम उतरेल का? तळपायाला मुंग्या येतात, जमिनीचा स्पर्श नीट कळत नाही, तरी चालायचं का? आणि दिवसभर चार घरची धुणीभांडी करून आलेल्या बाईनं संध्याकाळी ‘व्यायाम’ म्हणून पुन्हा वेगळं चालायचं का?

मी डॉक्टर नाही. शाळेत गणित शिकवत होते, आता निवृत्त आहे. सतरा वर्षांपासून मला मधुमेह आहे. गेली काही वर्षं एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर मी ‘सामान्य नागरिक’ म्हणून बसते. माणसांवर होणाऱ्या प्रत्येक संशोधनाला अशा समितीची मंजुरी लागते आणि समितीवर वैद्यकीय क्षेत्राबाहेरची एक सामान्य व्यक्ती असावीच लागते, असा आपल्याकडे नियम आहे. त्या खुर्चीत बसून जे पाहिलं, वाचलं, त्यातून आजचा विषय सुचला. व्यायाम आणि मधुमेह यांवर जे संशोधन होतं, त्यात पेशंटचं काम काय? रक्त द्यायचं, ट्रेडमिलवर चालायचं, सही करायची, एवढंच? की प्रश्न काय असावा, हे ठरवतानाही त्याला विचारायचं?

आधी व्यायामानं नक्की होतं काय, ते थोडक्यात सांगते. जेवणानंतर रक्तात आलेली साखर स्नायूंच्या पेशींमध्ये शिरायला एरवी इन्शुलिनची किल्ली लागते. टाइप २ मधुमेहात ही किल्ली कुलपात नीट फिरत नाही. पण स्नायू काम करू लागला की तो इन्शुलिनची फारशी वाट न पाहता साखर आत ओढून घेतो. शिवाय व्यायाम संपल्यावरही दिवसभर, कधी दोन दिवस, ते कुलूप जरा सैल राहतं. म्हणूनच सलग दोन दिवस खाडा करू नका, असं सांगतात. आठवड्याला दीडशे मिनिटं हा आकडा तर तुम्ही शेकडो वेळा ऐकला असेल.

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. सुश्रुतसंहितेत प्रमेहाच्या निर्धन रोग्याला शंभर योजनं चालायला सांगितलं आहे, विहीर खणण्याचाही उल्लेख आहे. आधुनिक पुरावाही भरपूर आहे. चीनमधल्या दाचिंग शहरात १९८६ साली ५७७ लोकांवर अभ्यास सुरू झाला. अमेरिकेत ३,२३४ लोकांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली आले. आपल्याकडे चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी सहकाऱ्यांसह मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांना तीन वर्षं तपासलं आणि २००६ साली निष्कर्ष मांडले. ज्यांना नेहमीचाच सल्ला दिला होता, त्यांच्यापैकी शंभरात ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांच्या आहाराकडे आणि चालण्याकडे नीट लक्ष पुरवलं, त्यांच्यात हा आकडा ३९ होता. सोळा जणांचा फरक. गणिताची शिक्षिका म्हणून सांगते, हा फरक लहान नाही.

मग अडलं कुठे? अडलं ते ‘व्यायामाचा उपयोग होतो का’ या प्रश्नापाशी नाहीच. त्याचं उत्तर केव्हाच मिळालंय. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. त्याच पाहणीच्या पहिल्या टप्प्याचे व्यायामाबद्दलचे आकडे २०१४ साली आले होते आणि त्यात आपला महाराष्ट्रही होता. निम्म्याहून जास्त लोक पुरेशी हालचाल करत नव्हते. हौसेनं, मोकळ्या वेळात व्यायाम करणारे तर शंभरात दहासुद्धा नव्हते. म्हणजे औषध ठाऊक आहे, फुकट आहे, आणि घेतलं जात नाही. का घेतलं जात नाही, हे ते न घेणाऱ्याला विचारल्याशिवाय कसं कळणार?

इंग्लंडमध्ये हे विचारायची एक पद्धत बसवलेली आहे. तिथे २००४ साली जेम्स लिंड अलायन्स नावाचा उपक्रम सुरू झाला. जेम्स लिंड हा अठराव्या शतकातला जहाजावरचा डॉक्टर. १७४७ साली त्यानं स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या, प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला आणि संत्री-लिंबं खाणारी जोडी बरी झालेली पाहिली. त्याच्या नावाच्या या उपक्रमात एखाद्या आजाराचे पेशंट, त्यांची काळजी घेणारे घरचे लोक आणि डॉक्टर-नर्स एका टेबलाभोवती बसतात आणि पुढच्या संशोधनानं कोणत्या प्रश्नांची उत्तरं शोधावीत, याची यादी करतात. टाइप २ मधुमेहासाठीची यादी २०१७ साली तयार झाली. अडीच हजारांवर लोकांनी आठ हजारांवर प्रश्न पाठवले होते. त्यांतले आधीच उत्तर मिळालेले वगळले, सारखे एकत्र केले, पुन्हा लोकांना विचारलं आणि शेवटी दहा उरले.

त्या दहांत पहिला प्रश्न, मधुमेह उलटवता येतो का, हा आहे. तो अपेक्षितच होता. मला थांबवलं ते पाचव्या आणि सातव्यानं. पाचवा असा, की राहणीत बदल करायला माणसाला आधार कसा द्यायचा, आणि ते बदल फसतात ते कशामुळे? सातवा, आहार आणि व्यायाम हे औषधांच्या ऐवजी वापरायचे की औषधांच्या जोडीला? पाहा, हे तुमचे-माझे प्रश्न आहेत. सोसायटीच्या बाकावर बसलेले सगळे ज्येष्ठ नागरिक रोज संध्याकाळी हेच तर बोलतात.

संशोधकांचे प्रश्न आणि पेशंटचे प्रश्न वेगळे असतात, हे मोजलंही गेलंय. वेगवेगळ्या आजारांच्या अशा याद्या एकत्र करून २०१५ साली एक तुलना प्रसिद्ध झाली. पेशंट आणि डॉक्टरांनी मिळून ज्या उपचारांवर संशोधन मागितलं, त्यांत औषधं-लशी फक्त १८ टक्के होत्या. कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या नोंदणीकृत चाचण्यांत हेच प्रमाण ८६ टक्के होतं. यात कुणी खलनायक आहे असं मी म्हणत नाही. गोळी विकता येते, चालणं विकता येत नाही, इतकं साधं आहे ते. पण म्हणूनच चालण्याची बाजू मांडायला चालणारा माणूस तिथे हवा.

आता माझ्या समितीतला एक अनुभव. गुप्ततेचा नियम असतो, म्हणून तपशील पुसट ठेवते. मधुमेही स्त्रियांनी किती व्यायाम करावा, अशा स्वरूपाचा एक प्रस्ताव आला होता. प्रस्ताव चांगला होता, करणारी मंडळी प्रामाणिक होती. अट एवढीच, की आठवड्यातून पाच दिवस सकाळी सातला रुग्णालयात यायचं. मी विचारलं, सातला कोणती बाई येणार? सातला नळाला पाणी असतं, डबे असतात, मुलांची शाळा असते. जी येऊ शकेल तिच्या घरी स्वयंपाकाला बाई असेल आणि दारात गाडी असेल. मग तुमचे निष्कर्ष तिच्यापुरते. दुसरं असं, की प्रश्नावलीत ‘आपण आठवड्यातून किती वेळा धावता, पोहता, सायकल चालवता?’ असं विचारलं होतं. फरशी पुसणं, पाण्याच्या कळश्या चढवणं, शेतातली खुरपणी यांना कुठे रकानाच नव्हता. दिवसभर राबणारी बाई त्या कागदावर ‘निष्क्रिय’ ठरली असती.

संमतिपत्राचं मराठी हा तर वेगळाच विषय आहे. ‘आपले यादृच्छिकीकरण करण्यात येईल’ असं एक वाक्य होतं. मी म्हटलं, हे वाचून माणूस घाबरून पळेल! चिठ्ठ्या टाकून दोन गट करणार आहोत, तुम्ही कोणत्या गटात जाल ते आमच्याही हातात नाही, असं लिहा ना. त्यांनी तसं लिहिलं. वेळही बदलली, दुपारचा पर्याय ठेवला. यात माझी हुशारी काही नाही. सकाळी सातला ज्यांना ओटा सोडता येत नाही, त्यांच्यापैकी कुणीही हेच सांगितलं असतं. पण प्रस्ताव पुरता लिहून झाल्यावर मंजुरीच्या टेबलावर हे सांगणं म्हणजे शिवून झालेला सदरा उसवण्यासारखं आहे. माप घेतानाच बोलावलं असतं तर बरं झालं असतं.

माप घेताना बोलावल्याचं एक उदाहरण आपल्या पुण्याजवळचंच आहे. ते थेट मधुमेह झालेल्यांवरचं नाही, पण नातं जवळचं आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याच्या परिसरातल्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा पोषणविषयक अभ्यास करत होते. पोटातल्या बाळाच्या वाढीचा पुढच्या आयुष्यातल्या मधुमेहाशी काय संबंध, या मोठ्या शोधाचाच तो भाग. त्या स्त्रिया किती श्रम करतात हे मोजायचं होतं. परदेशी प्रश्नावली तशीच उचलून चालणार नव्हती. तेव्हा आधी तिथल्याच बायकांशी गटांत बसून बोलणं झालं आणि त्यातून त्या गावांतल्या खऱ्या कामांची प्रश्नावली तयार झाली. नंतर दिवसभर नोंदी ठेवून ती पडताळूनही पाहिली. २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, जास्त कष्ट करणाऱ्या मातांची बाळं सरासरीनं थोडी लहान होती. बायकांचं काम त्यांच्याच शब्दांत मोजलं नसतं, तर हे दिसलंच नसतं.

दुसरा मुद्दा भीतीचा. ही भीती टाइप १ मधुमेहवाल्यांना नीट कळेल. बहुतेकदा लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होणारा, इन्शुलिनच्या इंजेक्शनवरच चालणारा हा प्रकार. ‘तरुण पोरं, आळशी आहेत, व्यायाम करत नाहीत,’ असं बाहेरून वाटू शकतं. कॅनडात १०३ प्रौढांना एक प्रश्नावली देऊन विचारलं, तुम्हाला व्यायामापासून काय अडवतं? २००८ साली आलेलं उत्तर होतं, साखर एकदम खाली जाण्याची भीती. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, कधी शुद्ध हरपणं. ज्यानं हे एकदा भर रस्त्यात अनुभवलंय, त्याला ‘धाव’ म्हणणं सोपं नाही. बर्मिंगहॅममध्ये अशाच २६ जणांशी सविस्तर बोलून २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वेळ नाही, हवा वाईट, जिमची सोय नाही, शरीराची लाज वाटते, ही कारणं तर निघालीच. पण व्यायामाच्या आधी इन्शुलिन किती कमी करायचं आणि काय खायचं, हे आपल्याला नीट माहीत नाही, हेही निघालं. म्हणजे उणीव इच्छेची होती तशी शिकवणीचीही होती. पुढे तिथल्या संशोधकांच्या गटानं नेमका हाच शिक्षणक्रम आखण्याचं काम हाती घेतलं. पेशंटला विचारल्यामुळे संशोधनाची दिशा वळते ती अशी.

(कंसातली सूचना म्हणून सांगते. इन्शुलिनवर किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांवर असाल तर खिशात साखर किंवा ग्लुकोजच्या गोळ्या ठेवूनच बाहेर पडा, आणि डोस आपल्या मनानं बदलू नका.)

तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. संशोधनात यश कशाला म्हणायचं, हे कोण ठरवतं? अमेरिकेत २००१ साली ‘लुक अहेड’ नावाचा प्रचंड अभ्यास सुरू झाला. वजन जास्त असलेले ५,१४५ टाइप २ मधुमेही. निम्म्यांना आहार, आठवड्याला पावणेदोनशे मिनिटं व्यायाम, सतत पाठपुरावा. निम्म्यांना साधा सल्ला. यशाची कसोटी होती हृदयविकार आणि पक्षाघात. सुमारे दहा वर्षांनी, २०१२ साली, तो कार्यक्रम थांबवला, कारण त्या कसोटीवर दोन गटांत फरक दिसेना. बातमी फिरली, व्यायामाचा मधुमेह्यांच्या हृदयाला फायदा नाही! पण त्याच अभ्यासात इतर गोष्टीही मोजल्या होत्या. चार वर्षांत चालण्या-फिरण्याची ताकद गमावण्याचा धोका व्यायामाच्या गटात जवळजवळ निम्म्यानं कमी होता. औषधं कमी लागत होती. झोपेतला श्वासाचा त्रास कमी झाला होता. स्त्रियांमध्ये नकळत लघवी होण्याचं प्रमाणही कमी होतं, ज्याबद्दल आपल्याकडच्या बायका डॉक्टरांजवळसुद्धा बोलत नाहीत.

आता मला सांगा, सत्तरीतल्या मधुमेही माणसाला तुम्ही विचारलंत की तुला काय हवंय, तर तो काय म्हणेल? ‘जिना चढता यावा, बाजारातून पिशवी आणता यावी, कुणावर ओझं होऊ नये.’ त्याच्या कसोटीवर तो अभ्यास चक्क पास झाला होता. हे आकडे संशोधकांनीच जपून गोळा केले, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. मात्र मथळा कोणत्या आकड्याचा व्हायचा, हे सुरुवातीलाच ठरलेलं असतं, आणि तो निर्णय घेताना जिना चढणारा माणूस तिथे असावा, एवढंच माझं म्हणणं.

कधी कधी प्रश्न नुसता रोजच्या जगण्याच्या अंगानं विचारला तरी सोपं उत्तर मिळतं. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठानं टाइप २ मधुमेहाच्या ४१ जणांना दोन आठवडे दिवसातून केव्हाही सलग तीस मिनिटं चालायला लावलं, आणि दोन आठवडे प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा-दहा मिनिटं. गोळाबेरीज तीसच. २०१६ साली त्यांनी सांगितलं, जेवणानंतर चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. आपली शतपावली! फक्त हिशेब जरा वाढवावा लागेल. दहा मिनिटांत साधारण हजार पावलं होतात, म्हणजे ‘शत’ला दहानं गुणायचं. हा लहान, थोड्या दिवसांचा अभ्यास आहे, त्यावरून सगळं ठरवू नये. तरी ज्याला पहाटे उठून बागेत जाणं जमत नाही, त्याला रात्री जेवून गल्लीत तीन फेऱ्या मारणं जमू शकतं.

पेशंटला सामील करून घेतलं की सगळं सोन्यासारखं होतं, असं चित्र मात्र उभं करायचं नाही. २०१८ साली अशा अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. पेशंटचा सहभाग असला की चाचणीत यायला तयार होणाऱ्यांचं प्रमाण थोडंसं वाढतं, असं दिसलं. शेवटपर्यंत टिकणाऱ्यांच्या संख्येत खात्रीचा फरक सापडला नाही. शिवाय बोलावणार कुणाला, हा प्रश्न आहेच. माझ्यासारखी शिकलेली, वेळ असलेली, चारचौघांत बोलायची सवय असलेली निवृत्त बाई समितीवर आणणं सोपं असतं. ऊसतोडणीला जाणारा मधुमेही किंवा रात्रपाळीचा वॉचमन तिथे येत नाही, कारण त्याचा रोज बुडतो. त्याचा रोज आणि एसटीचं भाडं दिल्याशिवाय ‘आम्ही पेशंटला विचारलं’ असं कुणी म्हणू नये. आणि विचारायचं तर त्याच्या वस्तीवर जाऊन, त्याच्या सुटीच्या वेळी. काही ठिकाणी पेशंटला बोलावतात, चहा पाजतात, फोटो काढतात आणि आधीच ठरलेला कागद पुढे सरकवतात. त्याला सहभाग म्हणण्यात अर्थ नाही.

तुम्हाला उद्या कुणी म्हणालं, मधुमेहावरच्या अभ्यासात भाग घ्याल का, तर जरूर विचार करा. घाबरून नाही म्हणू नका आणि भिडेखातर हो म्हणू नका. भारतातल्या चाचण्यांची नोंद ठेवणारी एक सरकारी नोंदवही २००७ सालापासून आहे, सीटीआरआय म्हणतात तिला. नोंदणीचा क्रमांक विचारा, घरातलं कुणीही तो मोबाइलवर शोधू शकेल. संमतिपत्र घरी नेऊन वाचायला मागा, एक प्रत तुमच्याजवळ राहिली पाहिजे. अध्येमध्ये सोडायचं झालं तर नेहमीच्या उपचारांवर परिणाम होणार नाही ना, हे तोंडी नव्हे, लेखी पाहा. येण्याजाण्याचा खर्च कोण देणार, वाटेत साखर उतरली किंवा पडून इजा झाली तर जबाबदारी कुणाची, हे विचारताना संकोच नको. मग विचारा, तुम्ही आमचं काय मोजणार आहात? आम्हाला जे महत्त्वाचं वाटतं, ते त्यात आहे का? आणि अभ्यास संपल्यावर काय निघालं, ते आम्हाला मराठीत कळवणार का?

हा शेवटचा प्रश्न मी समितीत प्रत्येक प्रस्तावाला विचारते. उत्तर बहुधा ‘हो’ असतं. मग मी म्हणते, तारीख आणि कळवण्याची पद्धत कागदावर लिहा.